किसनदादाच्या दोन होड्या

दादा, लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलून राहिलेत. तू तिथं बसला असतास तर मधूनच उठून काहीतरी काम शोधायला गेला असतास. तेराव्याला वेल्डिंगच्या दुकानासमोर मांडव टाकला होता. एकेक जण उठायचा आणि सांगायचा, किसन मिस्त्री देवमाणूस होता, त्यानं उभ्या जन्मात कोणाला दुखावलं न्हाई. मी बायकांत बसले होते. मनात म्हटलं, मला दुखावलंय की. जवळजवळ वर्षभर मी सख्ख्या भावाशी बोलले नव्हते, हे त्या बोलणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक नव्हतं.

तुझ्या चांगुलपणाचं त्यांनी पुरेसं सांगितलं. मी उरलेलं सांगते, आणि तुलाच सांगते, कारण आपलं भांडण अर्ध्यात राहिलं आहे.

आपल्या घरी सगळे मेंढरांमागं फिरणारे. तुला मेंढरं आवडली नाहीत. तू कळमनुरीला रशीदचाचाच्या दुकानात गेलास, वेल्डिंग शिकलास आणि तिथलाच झालास. खिडक्यांचे गज, गोठ्याची फाटकं, आणि हळद निघायच्या आधी हळद शिजवायच्या मोठ्या लोखंडी कढया. मला इसापूरच्या धरणाच्या काठावरच्या वाडीत दिलं. धरणाचं पाणी भरलं की फुगवटा आमच्या नाल्यात शिरायचा आणि वाडी अन् सडक यांच्यामधे पाण्याचा पट्टा पडायचा. उन्हाळ्यात नाला पायी ओलांडायचा, पण पावसाळा आणि हिवाळा लांबच्या चिखलवाटेनं वळसा. शाळा पलीकडे, दूधडेअरी पलीकडे, दवाखाना तर फारच पलीकडे. माझी वंदी पाचवीत गेली आणि तो वळसा तिच्या पायात आडवा आला; पाणी असेतोवर शाळा बुडायची.

त्या वर्षी मी माहेरपणाला तुझ्याकडं आले होते. दुकानामागच्या ओढ्याच्या डोहात तू नवीकोरी कढई सोडली होतीस. सांधा कुठं गळतो का ते बघायला तू ती अशी पाण्यावर ठेवायचास. आत पाण्याचा थेंब दिसला की तिथं खडूची खूण. चार माणसांनी उचलून आणलेली ती कढई बदकासारखी डुलत होती. वंदी बघतच राहिली.

"मामा, खिळा टाकला तर बुडतो. मग ही एवढी मोठी काहून बुडत न्हाई?"

तू पत्र्याचा एक तुकडा उचललास आणि पाण्यात टाकलास. तो तिरपा होऊन तळाला गेला. तू हात घालून तो काढलास, हातोडीनं त्याच्या कडा वर वळवल्यास, वेडीवाकडी वाटी केलीस आणि परत ठेवलीस. वाटी तरंगली.

"पत्रा तोच, वजनबी तेच. बदललं काय?"

"आकार," वंदी म्हणाली.

"आकारानं काय झालं? आधी पत्र्यानं पाणी जराच बाजूला सारलं होतं, आता वाटीच्या पोटाएवढं सारतंय. जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा पाणी खालून वर देतं. कढई जड हाय, पण तिचं पोट मोठं हाय अन् पोटात हवा हाय. लोखंड अन् हवा मिळून तिच्या आकाराएवढ्या पाण्याशी तोलली, तर कढई हलकी भरते. म्हणून तरंगते."

"अन् आत पाणी शिरलं तर?"

"मग हवा गेली. राहिलं काय? लोखंड."

मी आपली सहज बोलून गेले, "मग आमच्या वाडीला एक करून दे अशीच." मला हसू येत होतं. तुला आलं नाही. मी माहेरपण आटोपून निघेपर्यंत तू जमिनीवर खडूनं रेघा मारायला लागला होतास.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्या सालच्या पावसाळ्यात तू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पहिली होडी आणलीस. सपाट तळाची, दोन्ही टोकं जरा वर उचललेली. दोन्ही काठांच्या बाभळींना दोर बांधला. होडीत उभं राहून दोर हातानं ओढत जायचं, की पलीकडं. सगळी वाडी काठावर जमली होती. माझे मामंजी सगळ्यांत पुढं. ते म्हणाले, "लोखंडाच्या नावेत बसायचं म्हणजे गळ्यात जातं बांधून हिरीत उतरायचं."

तू वाद घातला नाहीस. बाहेरच्या अंगाला तू पांढऱ्या रंगाची आडवी रेघ ओढली होतीस, ती दाखवलीस. ती कल्पना तुला डेअरीत सुचली होती. दूध तपासायची काचेची नळी असते ना, दुधात पाणी घातलं असलं की ती खाली जाते, दूध दाट असलं की वर राहते. तिच्यावर खुणा असतात. तुझे दाजी रोज त्या नळीला भिऊन असायचे.

"होडीबी तशीच नळी हाय," तू म्हणालास. "माणूस चढला की खाली जाते, उतरला की वर येते. पाणी ह्या रेघेला टेकलं की बास. पुढचा माणूस पुढच्या खेपेला. बाकी काही शिकायची गरज न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. दादा, तू लोखंड ओळखत होतास, पण माना डोलावणारी माणसं ओळखायला चुकलास. हे मी तुला तेव्हाही सांगितलं असतं, पण तेव्हा मीसुद्धा मान डोलावली होती.

पहिलं साल बरं गेलं. वंदी आणि वाडीची आणखी चार-पाच लेकरं शाळेला जाऊ लागली. पोरी जास्त, कारण पोरं आधीपासून वळसा घालून जातच होती. दूध वेळेवर पोचू लागलं. मग लोकांना सवय झाली, आणि सवय झाल्यावर रेघ कोणाला दिसेना. "रेघ काय पाणी आडवती का?" हे मामंजींचं वाक्य वाडीत म्हणीसारखं झालं.

कळमनुरीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ते झालं. मी या काठाला धुणं आवरत होते. पलीकडून बाजार करून आलेली माणसं, मामंजींनी विकत घेतलेल्या शेळ्या, दाजींची दुधाची रिकामी कॅन, आणि शाळा सुटून आलेली वंदी, सगळे एकाच खेपेला चढले. कॅन वंदीच्या पायाशी होती. रेघ पाण्याखाली गेलेली मला या काठावरून दिसत होती. मी ओरडले, "उतरा, थोडे उतरा!" कोणीतरी हसून हात हलवला.

होडी निम्म्याच्या पुढं आली. शेळ्यांना काठ दिसला. एकीनं काठाकडं मान केली आणि बाकीच्या तिच्यामागं एका अंगाला सरकल्या. होडी कलली, कडेवरून पाणी आत आलं. मग ती उलटलीसुद्धा नाही. तू सांगितलं होतंस तशी, हवा गेली आणि लोखंड राहिलं. दिसेनाशी झाली.

पुरुषांना तिथं पाणी गळ्याइतकं. वंदीला डोक्यावरून जाईल इतकं. मी पाण्यात शिरले तेव्हा मला ती दिसली नाही. मग ॲल्युमिनियमची कॅन दिसली, झाकण घट्ट लावलेली, आडवी तरंगत होती, आणि तिच्या कडीत अडकवलेला हात दिसला. रिकामी होती म्हणून तरंगली. सकाळची खेप असती, दुधानं भरलेली असती, तर तिनं माझी पोर तळाला नेली असती.

माणसं सगळी निघाली. मामंजींना दोघांनी ओढून काढलं. शेळ्या बऱ्याच गेल्या.

दुसऱ्या दिवशी तू आलास. लोकांना वाटलं होडी काढायला मदत करशील, आणि केलीसच. दोर लावून ती काठावर ओढून घेतलीस. मग टेंपोतून लोखंड कापायच्या गॅसची नळकांडी उतरवलीस. मी चूल सोडून धावत आले.

"दादा, काय करून राहिलास?"

"होडी बंद."

"रेघ माणसांनी बुडवली. तिचा काय दोष?"

"तिचा न्हाईच. माझा हाय. मी रेघ ओढली अन् घरी गेलो."

"मग दुसरं काहीतरी कर. कुलूप घाल. वंदीच्या शाळेचं काय?"

तू डोळ्यांवर काळा चष्मा ओढलास. होडीच्या तळाला तू दरवाजाएवढं भोक पाडलंस. ठिणग्या उडत होत्या आणि सगळी वाडी लांब उभी राहून बघत होती. मामंजी ओल्या आवाजात म्हणाले, "बराबर केलं." मला त्यांचाही राग आला आणि तुझाही. त्यांच्यापेक्षा तुझा जास्त.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "देणारा तूच, हिसकावणाराबी तूच. आता माझ्या दारात येऊ नको."

तू खरंच आला नाहीस. मीही भाऊबीजेला आले नाही. तू वैनीकडून लुगडं पाठवलंस, मी ते वैनीच्याच पिशवीत परत ठेवलं. ती बिचारी पिशवी उचलून परत गेली.

वंदी घरी बसली. शेळ्या घेऊन काठाकाठानं हिंडायची. पाण्याजवळ गेली की गप्प व्हायची. मला वाटायचं शाळेची आठवण येत असेल. दिवाळी झाली आणि मामंजींनी सेनगावकडचं एक स्थळ काढलं. मुलगा जीप चालवतो, घरची सोयाबीन-तूर. दाजी न्हाई म्हणत नव्हते, व्हयबी म्हणत नव्हते. पोर बारा-तेराची. मी रोज एकच गोष्ट मनात घोळवायचे, तो टेंपो आला नसता तर ही आज शाळेत असती.

पुढचा पाऊस लागला, पाणी चढलं, आणि तू दुसरी होडी घेऊन आलास. कोणी बोलावलं नव्हतं. ही पहिलीपेक्षा लहान होती. दोन्ही टोकांना आणि बसायच्या फळ्यांखाली पत्र्याच्या पेट्या होत्या, चारी बाजूंनी सांधून बंद केलेल्या. तू लोकांना सांगितलंस, "बादल्या घ्या अन् होडी पाण्यानं भरा."

"ही बुडवायलाच आणली का रे?" कोणीतरी विचारलं.

"भरा तर खरं."

लोकांनी भरली. पोरांनी तर जोरात भरली. होडी खाली गेली, खाली गेली, कडा पाण्याला टेकल्या आणि तिथंच थांबली. आणखी पाणी ओतलं ते बाहेर सांडलं. पेट्यांमधली हवा कुठं जाणार? तिला जायला वाटच नव्हती. तू आधी स्वतः त्या भरल्या होडीत जाऊन बसलास, छातीपर्यंत पाण्यात. मग माझ्याकडं बघून हाक मारलीस. वर्षभरानं.

"गोदे, ये. बस."

मी म्हटलं, "येडा झालास का?"

"ये म्हणतो ना."

अख्ख्या वाडीसमोर, अंगावरच्या लुगड्यानिशी, मी त्या पाणी भरलेल्या होडीत जाऊन बसले. होडी आणखी बोटभर खाली गेली आणि धरून राहिली. माझे दात वाजत होते. कोणी हसलं नाही. मला तुझा इतका राग आला होता की भीती वाटायची राहून गेली.

मग तू साखळी आणि कुलूप काढलंस. किल्ली माझ्या ओल्या हातात ठेवलीस आणि काठाकडं तोंड करून म्हणालास, "होडी गोदीच्या ताब्यात. ती बस म्हणेल त्यानं बसायचं, उतर म्हणेल त्यानं उतरायचं. कबूल नसेल तर आत्ताच ट्रॉलीत घालतो."

मामंजी म्हणाले, "बाईमाणूस नाव चालवणार?"

"चालवणार न्हाई मामा, थांबवणार. चालवायला दोर हाय."

मी हळूच विचारलं, "काहून मीच? माझ्यामागं शेळ्या, चूल, वावर, सगळं हाय. वाडीत रिकामे गडी काय कमी हायेत?"

"तूच."

"पण काहून?"

तू होडीतलं पाणी उपसायला लागलास.

पहिल्याच आठवड्यात मामंजींना उतरवायची वेळ आली. ह्या होडीवरही तुझी रेघ होतीच; पाणी तिला टेकलं होतं आणि ते शेवटी चढले होते. मी म्हटलं, "मामंजी, पुढच्या खेपेला." ते म्हणाले, "सून सासऱ्याला उतरवती?" मी दोर सोडून हात बांधून उभी राहिले. होडीत लेकरं होती, एक पोटुशी बाई होती, सगळे खाली मान घालून बसलेले. फार वेळ गेला. मग ते उतरले. तो दिवस घरात कोणी माझ्याशी बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते काठावर येऊन आपली पाळी यायची वाट बघत उभे राहिले, आणि त्यांना तसं उभं बघून वाडी सरळ झाली.

वंदी पहिल्या दिवशी माझ्या पदराला धरून बसली. मग पदर सुटला. सेनगावच्या माणसांनी थोडे दिवस वाट बघितली आणि दुसरीकडं सोयरीक केली. ती दहावी झाली, नर्सिंगला गेली, आता हिंगोलीत नोकरीला आहे. हे सगळं तुला माहीत आहे. मी फक्त एवढंच म्हणते की पूल होईपर्यंत मी त्या होडीवर होते. खताची पोती, अडलेल्या बाया, नवऱ्या मुली, आजारी माणसं, सगळी माझ्या हातून गेली. पाण्यावरून एकही माणूस गमावला नाही. माझे खांदे तेवढे गेले.

आपण पुन्हा बोलू लागलो, येणंजाणं झालं, पण भांडण चालूच राहिलं. दर भेटीला मी म्हणायचे, पहिली होडी कापायला नको होती, साखळी तेव्हाही घालता आली असती. तू म्हणायचास, "नसती कापली तर लोकांनी तीच पुन्हा पाण्यात घातली असती." मी म्हणायचे, "माझ्या पोरीचं साल गेलं." तू म्हणायचास, "व्हय, गेलं." एवढंच. आणि मग माझं दुसरं गाऱ्हाणं, माझ्या गळ्यात काहून घातलीस? यावर तू काहीच बोलायचा नाहीस.

शेवटची भेट दुकानाच्या ओट्यावर झाली. तुझ्या पायाला जखम होती, साखरेमुळं भरत नव्हती. रशीदचाचा आत कोणाला तरी फाटकाचं माप सांगत होते. मी खांदा चोळत म्हटलं, "पूल झाला, पण दुखणं राहिलं. त्या वेळी एखादा गडी बघितला असतास तर काय बिघडलं असतं? बहीण फुकटात सापडली म्हणून?" हे जरा जास्तच लागट होतं. तू बशीत चहा ओतलास, फुंकर मारलीस, आणि म्हणालास, "चहा गार होऊन राहिलाय, घे." मला वाटलं, अजूनही तोच हेका. मी रागातच बसस्टँडवर आले. पुढच्या महिन्यात तुला नांदेडला हलवलं आणि बोलणं संपलं.

तेरावं झाल्यावर वंदी माझ्यासोबत वाडीला आली. दुपारी आम्ही ओसरीत तुरीची डाळ निवडत बसलो होतो. मी आपली बोलतच होते, मामानं असं केलं, तसं केलं. वंदी एकदम म्हणाली, "आई, आता तरी मामाला बोलू नको."

"का? मेला म्हणून खरं बोलायचं न्हाई?"

"तुला खरं माहीतच न्हाई."

मग तिनं सांगितलं. होडी कापल्यानंतरच्या त्या सालात तू पलीकडच्या काठावर येत होतास. कळमनुरीहून सायकलनं. आमच्या दारात यायला मी बंदी घातली होती, म्हणून पलीकडच्या काठावर उभा राहायचास. हिवाळ्यात पाणी ओसरून पट्टा अरुंद झाला की हाक पोचायची. वंदी शेळ्या घेऊन या काठाला असायची. तू तिला विचारलंस, "पुन्हा केली तर बसशील का?" ती न्हाई म्हणाली. तिला झोपेत पाणी दिसायचं. तू बरं म्हणालास आणि गेलास. थोड्या दिवसांनी परत आलास. बंद पेट्यांचं सांगितलंस. भरली तरी बुडणार न्हाई म्हणालास. ती पुन्हा न्हाई म्हणाली. पेट्या लोखंडाच्या होत्या, भरवसा माणसांचा नव्हता. असं किती वेळा झालं तिला आठवत नाही. शेवटी एकदा तिनं पलीकडं ओरडून सांगितलं, "आईच्या हातात असली तर बसंन. आई कोणाचं ऐकत न्हाई."

आणि तेव्हाच तुला म्हणाली, "आईला सांगू नको मी भ्याले म्हणून. तिला कळलं तर ती म्हणंल, भ्याती तर घरीच बस, अन् ते सेनगाववाले येतील."

तू शब्द दिलास.

मी डाळ निवडतच होते. एक खडा सापडला, तो बाजूला टाकला. वंदी माझ्याकडं बघत होती. ती आता हिंगोलीच्या दवाखान्यात दिवसभर लोकांची दुखणी बघते, तिला चेहरे वाचता येतात. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. मी इतकंच म्हटलं, "तू मोठी झाल्यावर तरी सांगायचंस."

"मला वाटलं, मामाच कधीतरी सांगंल."

नाही सांगितलंस. पोर नोकरीला लागली, भीती कधीच मोडून गेली, सांगितलं असतंस तर कोणाचं काही बिघडलं नसतं. तरी मी बोलायची आणि तू ऐकून घ्यायचास.

पहिल्या होडीबद्दल माझं मत बदललेलं नाही, दादा. ती कापायला नको होती. तू असतास तर पुढच्या भेटीला हेच पुन्हा सांगितलं असतं आणि तू तुझंच सांगितलं असतंस. ते भांडण तसंच राहू दे. दुसरं गाऱ्हाणं मी मागं घेतलं.

संध्याकाळी वंदी निघाली तेव्हा तिला सोडायला सडकेपर्यंत गेले. जीपला वेळ होता. मी विचारलं, "आईच्या हातात असली तर बसंन म्हणालीस, तेव्हा मामा काय म्हणला?"

वंदीला आठवायला वेळ लागला नाही.

"हसला. म्हणला, 'मग अवघड होतं ते झालं. आता निस्ती होडीच करायची राहिली.'"